उपाहारगृहाची पदार्थसूची : प्रस्तावना

उपाहारगृहात येऊन मेजाशी बसलेल्या माणसापुढे जो पहिला कागद ठेवला जातो, त्याकडे आपण आजवर पदार्थांची आणि दरांची एक यादी एवढ्याच दृष्टीने पाहात आलो. परंतु शिजविणाऱ्याने काय देऊ करावयाचे, त्याचा मोबदला किती घ्यावयाचा, कोणत्या क्रमाने वाढावयाचे आणि या सर्वांत खाणाऱ्याला कितपत निवड करू द्यावयाची, या चारही बाबींचा निकाल ज्या कागदावर गिऱ्हाईक दारात येण्यापूर्वीच लागून गेलेला असतो, तो कागद म्हणजे परस्परांना न ओळखणाऱ्या दोन पक्षांमधील एक कबुलायत होय. आणि ही कबुलायत कोणी लिहिली, कोणाच्या सोयीने लिहिली, तिच्यात कोणाचा अखत्यार कोठवर चालतो, हे पाहू लागले की मेनू या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूतून स्वयंपाकघराची रचना, बाजारातील आवक, जातींचे आणि वर्गांचे संकेत, सरकारचे कायदे आणि शहरांची स्थित्यंतरे अशा कितीतरी गोष्टी वाचता येतात. मराठीत पाकशास्त्रावरील ग्रंथांना तोटा नाही; १८७५ सालच्या ‘सूपशास्त्रा’पासून १९१० सालच्या लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणी-मित्रा’पर्यंत आणि तेथून १९७० सालच्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरे’पर्यंत ही परंपरा चालत आलेली आहे. मात्र या सर्व ग्रंथांचा वाचक शिजविणारा आहे. पैसे मोजून परक्याच्या हातचे खाणारा जो माणूस, त्याच्या वाट्याला आपल्या वाङ्मयात ललित लेख पुष्कळ आले, व्यवस्थित अभ्यास फारसा आला नाही. ती उणीव अंशतः भरून काढण्याच्या हेतूने हा ग्रंथ लिहिला आहे.

मेनूची गरज कोठे उत्पन्न होते हे कळण्यासाठी, जेथे ती मुळीच उत्पन्न होत नाही असे एक स्थळ आधी पाहणे इष्ट आहे. ते स्थळ म्हणजे पंगत. केळीच्या पानावर वरच्या बाजूस मीठ पडले की त्याच्या डावीकडे लिंबू, चटण्या, कोशिंबिरी, लोणचे आणि उजवीकडे भाज्या हा शिरस्ता ठरलेला. मध्यावर वरणभाताची मूद, तिच्यावर तुपाची धार, मग पोळी किंवा पुरी आणि त्या दिवसाचे पक्वान्न, आणि शेवटी ताकभात हा क्रमही ठरलेला. पानावर कोणती जागा रिकामी आहे यावरून अद्याप काय यावयाचे आहे हे जाणत्या माणसाला न सांगता उमगते, आणि म्हणून पंगतीत यादी वाटण्याचे प्रयोजनच राहात नाही. तेथे निवडीचा हक्क नाही. नाकारण्याचा आहे, तोही आग्रहाच्या मर्यादेत. दर नाही, कारण यजमान आणि पाहुणा यांच्यातील देणेघेणे दुसऱ्या खात्यावर लिहिले जाते. आपल्याकडे अन्नाच्या याद्या नव्हत्या असे मात्र कोणी समजू नये. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचविलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या अन्नभोगाचे विस्तृत वर्णन आहे, आणि सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्त यांनी तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने लिहिलेल्या ‘भोजनकुतूहला’त पदार्थांचे गुणदोष तपशिलाने नोंदले आहेत. या याद्या ज्ञानाच्या आहेत, वैभवाच्या आहेत. परक्या माणसाने त्यांतून एक नाव उचलावे आणि त्याचा दाम चुकवावा यासाठी त्या केलेल्या नाहीत.

तशी यादी करण्याचा प्रसंग जेथे अनोळखी माणसे मोठ्या संख्येने एकत्र येतात अशा नगरांतच येतो. चीनमधील सुंग राजवटीची राजधानी कायफेंग हे जगातील असे एक अतिशय जुने उदाहरण. ती नगरी शत्रूच्या हाती गेल्यानंतर मेंग युआनलाव याने तिच्या आठवणींचा जो ग्रंथ लिहिला, त्याची प्रस्तावना ११४७ सालची आहे. आणि त्यात खाद्यगृहांतील वाढप्यांचे जे वर्णन येते, ते वाचताना मराठी वाचकाला आपलीच एखादी ओळखीची जागा समोर दिसू लागते. एकाला गरम हवे, दुसऱ्याला थंड, तिसऱ्याला आणखी काही वेगळे. हे सगळे ऐकून घेऊन वाढपी आत जाई आणि एकही नाव न चुकता ते स्वयंपाक्यांना सुरात घोकून दाखवी. आपल्या उडपी उपाहारगृहांत इडलीपासून उत्तप्प्यापर्यंतची नामावली एका श्वासात म्हणणारा आणि मागणी आत ओरडून कळविणारा जो वाढपी अनेक पिढ्यांनी पाहिला, तो याच मौखिक परंपरेतला. ही परंपरा लेखी मेनूची कच्ची अवस्था आहे असे मानण्याची पद्धत आहे; ती मला मान्य नाही. तोंडी मेनूत एक असा गुण आहे की जो छापील कार्डाला कधीच साधत नाही: तो त्या घटकेचा असतो. सांबार संपले असेल तर ते नाव उच्चारलेच जात नाही, आणि गिऱ्हाईक नेहमीचे असेल तर त्याला चालणारे नाव आधी उच्चारले जाते. त्याचा दोषही तितकाच ठळक आहे. तो दर लपवितो. चारचौघांत भाव विचारण्याचा संकोच वाटणाऱ्या माणसाची तेथे कुचंबणा होते, आणि म्हणूनच भिंतीवरचे दरपत्रक ही दिसायला रूक्ष वस्तू गरीब गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मोठी सनद ठरली.

युरोपात ज्याला आपण आज मेनूकार्ड म्हणतो त्याचा उदय अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये झाला. त्यापूर्वीच्या भोजनालयांत एक सामाईक मेज असे, जेवणाची वेळ ठरलेली असे, सर्वांपुढे एकच अन्न येई आणि दरही सर्वांना एकच. १७६०च्या दशकात माथ्युरँ रोझ द शांत्वाझो याने आणि त्याच्यासारख्या इतरांनी जी नवी गृहे काढली त्यांत वेगळे मेज, हवी ती वेळ आणि प्रत्येक पदार्थाचा वेगळा दर या तीन गोष्टी एकत्र आल्या, आणि वेगळा दर आला की तो लिहून ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर सरदारांचे स्वयंपाकी बेकार झाले आणि त्यांनी रेस्तराँ काढली, ही हकीकत लोकप्रिय आहे. परंतु रिबेका स्पँग यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही गृहे क्रांतीच्या कितीतरी आधी रुजली होती हे साधार दाखवून दिले आहे. आंत्वान बोविलिए याचे नामांकित भोजनगृह १७८०च्या दशकातले, म्हणजे क्रांतीच्या अलीकडचे नव्हे, पलीकडचेच. पुढे १८२५ साली ब्रिया-सावारँ याने आपल्या रसनेवरील ग्रंथात या नव्या सोयीची वाखाणणी केली, ती मुख्यतः अशासाठी की माणसाने आपल्या खिशाचा अंदाज घेऊन जेवण ठरवावे आणि खर्च किती होणार हे उठण्यापूर्वीच नव्हे, तर बसण्यापूर्वी जाणावे, हे तिने शक्य केले.

मेनूला छापील कार्डाचे रूप मिळण्यामागे वाढपाच्या पद्धतीतला एक बदलही आहे, आणि तो सहसा दुर्लक्षिला जातो. जुन्या फ्रेंच रिवाजाप्रमाणे एका फेरीचे सर्व पदार्थ एकदमच मेजावर मांडले जात. डोळ्यांनी दिसत होते ते हाताने घ्यावयाचे. एकोणिसाव्या शतकात रशियन पद्धत प्रचारात आली, तीत पदार्थ एकामागून एक आतून येऊ लागले, आणि समोर रिकामे मेज घेऊन बसलेल्या पाहुण्याला पुढे काय यावयाचे आहे हे कळण्याचा मार्गच उरला नाही. पोटात जागा कशासाठी राखावी हे सांगणारा कागद मग त्याच्या ताटाशेजारी आला. आपल्या पंगतीतही पदार्थ एकामागून एक येतात, तरी तेथे कागद आला नाही, कारण पानावरच्या जागा रूढीने नेमलेल्या होत्या. युरोपात तशी रूढी नव्हती, म्हणून कागद आला. दोन संस्कृतींनी एकाच अडचणीची काढलेली ही दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

यानंतर फ्रेंच स्वयंपाकी एस्कॉफिए. १८९० पासून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आणि पुढे हॉटेलचालक रिट्झ यांच्या इतर हॉटेलांत त्याने स्वयंपाकघराचे जे विभाग पाडले, त्यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. मेनूच्या अभ्यासकाला त्यातले महत्त्वाचे एवढेच की, शंभर नावांच्या कार्डावरून कोणीही कोणतेही नाव उच्चारावे आणि ते थोड्या वेळात समोर यावे, ही कबुलायत पाळणे या विभागणीशिवाय अशक्य होते. सॉस एकाने, भाजणे दुसऱ्याने, मासळी तिसऱ्याने, आणि मूळ रस आधीच सिद्ध करून ठेवलेले: असे झाले तरच लांबलचक कार्ड खरे ठरते. मुंबई-पुण्याच्या मध्यम प्रतीच्या उपाहारगृहातील ‘पंजाबी’ विभाग हे याच तत्त्वाचे आपल्या अगदी जवळचे उदाहरण आहे. सकाळी लाल, पिवळी आणि पांढरी अशा दोनतीन ग्रेव्ह्या शिजवून ठेवलेल्या असतात. दुपारी त्यांतच पनीर, मटार, काजू, कोफ्ते किंवा मिश्र भाज्या पडतात, तिखट वाढते, वर मलई येते, आणि कार्डावर चाळीसएक नावे उभी राहतात. डोशाच्या पानाचेही तसेच. पिठे थोडी, सारणे थोडी; पण सादा, मसाला, म्हैसूर, रवा, कांदा, चीज ही विशेषणे एकमेकांना जोडत गेले की यादी एका पानात मावत नाही. या रचनेकडे कित्येक खवय्ये तुच्छतेने पाहतात. मला ती अत्यंत बुद्धिमान वाटते. थोड्या साहित्यात, थोड्या माणसांत आणि थोड्या जागेत पुष्कळांना निवडीचे समाधान देण्याची याहून काटकसरीची तरतूद मला तरी माहीत नाही.

या रचनेतून काही पदार्थ केवळ कार्डावरच जन्माला आले. ‘व्हेज कोल्हापुरी’ हे नाव देशभरच्या उपाहारगृहांत आढळते; कोल्हापूरच्या घरांत मात्र तांबडा आणि पांढरा रस्सा आढळतो. चिकन मांचुरियन हा पदार्थ १९७५च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वांग यांनी प्रथम केला असे सांगितले जाते, आणि मांचुरियाशी त्याचा संबंध नावापुरताच आहे. अशा नावांना खोटी म्हणून बाजूस सारणे हा शुद्धिवाद झाला. मेनूवरील गावाचे नाव भूगोल सांगत नसते. तिखट किती, रंग कोणता, रस किती दाट याविषयी ते गिऱ्हाइकाशी केलेले एक आश्वासन असते, आणि वीसेक वर्षे ते आश्वासन पाळले गेले की तो पदार्थ खरा होतो.

आता मेनूच्या मुख्य जातींकडे वळू. त्यांचे वर्गीकरण पदार्थांवरून, प्रांतांवरून किंवा दरांवरून करता येते, आणि व्यवसायाच्या पाठ्यपुस्तकांत तसे केलेलेही असते. या ग्रंथात एकच कसोटी लावली आहे: निवड कोणाच्या हाती आहे? एका टोकाला प्रत्येक पदार्थाचा स्वतंत्र दर असलेले पॅरिसचे कार्ड, जेथे निवड सर्वस्वी खाणाऱ्याची आणि तिची जोखीमही त्याचीच. दुसऱ्या टोकाला ठराविक दरात ठराविक जेवण, ज्याचे आपल्याकडील रूप म्हणजे खानावळ, राईस प्लेट आणि थाळी.

खानावळीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण तिच्यात छापील मेनू नाही म्हणून मेनूच नाही असा समज आहे. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेला एकटा कामगार महिन्याच्या बोलीवर ज्या बाईकडे जेवत असे, तिच्या आणि त्याच्या दरम्यान एक अलिखित करार असे: वारानुसार भाजी कोणती, मासळी किंवा मटण कोणत्या दिवशी, उपासाच्या दिवशी काय, पगार झाल्यावर पैसे केव्हा. निवड नाही, परंतु खात्री आहे; आणि चाळीतल्या एका खोलीत चुलीवर वीसपंचवीस माणसांचे रांधणाऱ्या बाईला निवड देणे परवडणारेही नव्हते. उद्या कितीजण जेवणार हे तिला आधी ठाऊक असे, म्हणून अन्न वाया जात नसे. आणि अन्न वाया जात नसे, म्हणूनच दर कमी ठेवता येत असे. स्वस्त जेवणाचे सगळे गणित या एका ज्ञानात आहे. याच खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या विळख्यातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. गिरणगावाचा इतिहास लिहिताना संप, युनियन आणि मालक यांची दफ्तरे चाळली जातात, ते योग्यच आहे. पण लाखो कामगारांच्या पोटाचा हिशेब ज्या वह्यांत होता, त्या वह्या जपून ठेवण्याचे कोणाला सुचले नाही, याची खंत वाटल्यावाचून राहात नाही.

ठराविक जेवणाची ही कल्पना सरकारांनाही वेळोवेळी भुरळ घालत आली आहे. स्पेनमध्ये १९६०च्या दशकात पर्यटन खात्याने भोजनगृहांना एका दरातले संपूर्ण जेवण ठेवणे भाग पाडले; पर्यटकांसाठी केलेली ती तरतूद पुढे तेथल्या नोकरदारांचे रोजचे दुपारचे जेवण होऊन बसली. महाराष्ट्रात १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर आली, आणि २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली: प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण. शासनाच्या निर्णयात ग्रॅमने लिहिलेली ही यादीदेखील मेनूच आहे, किंबहुना मेनूचे सर्वांत निखळ रूप आहे, कारण तिच्यात मोहविणारे एकही विशेषण नाही.

या दोन टोकांच्या मध्ये अनेक मिश्र प्रकार आहेत. फळ्यावर रोज खडूने लिहिलेला मेनू बाजारातील आवकेशी बांधलेला असतो. मालवणी किंवा गोव्याच्या खानावळीत सुरमई, बांगडा आणि तिसऱ्या यांच्यापुढे दराच्या जागी पुष्कळदा कोराच भाग दिसतो, कारण त्या दिवशीचा भाव बंदरावर ठरतो. इराण्याच्या हॉटेलात बन-मस्का, ब्रून, मावा केक, आम्लेट आणि पानी-कम चहा ही छोटी यादी दीर्घकाळ स्थिर राहिली. तेथे खरा मजकूर पदार्थांचा नसून सूचनांचा असे, आणि त्या सूचनांच्या पाटीवरून निस्सीम एझिकेल यांना इंग्रजीत एक कविता सुचली हे प्रसिद्धच आहे. जपानमध्ये दर्शनी काचेच्या कपाटात पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजली. अपरिचित पदार्थ खाणाऱ्या नव्या शहरी गिऱ्हाइकाला वाचनापेक्षा पाहणे सोपे होते. अमेरिकेत १९४८ साली मॅकडोनाल्ड बंधूंनी सॅन बर्नार्डिनो येथील आपल्या चालत्या धंद्यातली लांब यादी काटून अवघ्या नऊ नावांवर आणली आणि पंधरा सेंटांत हॅम्बर्गर देऊ केला. मेनू जितका आखूड तितके स्वयंपाकघर कारखान्याच्या जवळ, हा धडा साऱ्या जगाने तेथून घेतला. आणि अलीकडच्या काळात अतिमहागड्या भोजनगृहांनी निवडीचा हक्क पुन्हा काढून घेतला: स्पेनमधील एल बुली २०११ साली बंद होईपर्यंत तेथे एका बैठकीत तीसहून अधिक लहान पदार्थ येत, आणि ते कोणते हे सर्वस्वी स्वयंपाक्याने ठरविलेले असे. गिरणी कामगार आणि हा धनिक खवय्या या दोघांनाही निवड नाही. एकाची परिस्थितीने गेली, दुसऱ्याने ती मोठी किंमत देऊन सोडली. हा फरक लहान नाही, आणि निवड म्हणजेच सुख या आजच्या समजुतीचा पुनर्विचार करावयास तो आपल्याला भाग पाडतो.

निवडीचा हक्क कोणाला, हा प्रश्न ताटापुरता कधीच नव्हता. रेल्वेच्या स्थानकांवर हिंदू आणि मुसलमान यांची उपाहारगृहे एके काळी वेगळी असत. खानावळींच्या पाट्यांवर जात लिहिलेली असे. ‘शुद्ध शाकाहारी’ ही पाटी आजही मेनूची पहिली ओळ म्हणूनच वाचली पाहिजे, कारण आत कोण येणार आणि कोण येणार नाही हे ती दारातच सांगते. मुंबईच्या बाहेरच्या खाण्याचा इतिहास लिहिताना फ्रँक कॉनलन यांनी या पाट्यांचा माग काढला आहे. पाश्चात्त्य भोजनगृहांतही सोबतच्या स्त्रीला दर नसलेले कार्ड देण्याची चाल होती, आणि १९८० साली लॉस एंजेलिसमध्ये तिच्याविरुद्ध दावा लावला गेला तेव्हा कोठे तिच्याकडे लोकांचे लक्ष वेधले.

मेनू गिऱ्हाइकाच्या मनावर कसे काम करतो, हा या क्षेत्रातला सर्वांत गाजावाजा झालेला भाग. १९८२ साली मायकेल कासाव्हाना आणि डोनाल्ड स्मिथ या अमेरिकन अध्यापकांनी जी पद्धत मांडली, ती आजही या धंद्याच्या शिक्षणाचा पाया आहे: प्रत्येक पदार्थ किती खपतो आणि साहित्याचा खर्च वजा जाता त्यातून किती रुपये उरतात, या दोन मापांवर सगळी यादी चार भागांत विभागावयाची. समजा मसाला डोसा भरपूर खपतो पण त्यातून थोडेच उरते, आणि मश्रूमची भाजी क्वचित खपते पण तिच्यातून पुष्कळ उरते. तर पहिल्याचा दर जपून वाढवावा, आणि दुसरीला नवे नाव किंवा ठळक जागा द्यावी. येथे शेकडेवारीपेक्षा हाती उरणारी रक्कम महत्त्वाची, हा त्यांचा आग्रह व्यवहारी आहे.

त्यानंतरची संशोधने अधिक चमत्कृतिपूर्ण आहेत. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली दाखविले की आकड्यापुढचे डॉलरचे चिन्ह काढले असता त्यांनी पाहिलेल्या भोजनगृहातील गिऱ्हाइके अधिक खर्च करीत. यादीतील पहिली व शेवटची नावे मधल्यांपेक्षा अधिक उचलली जातात, असा निष्कर्ष २०११ साली दोन इस्रायली संशोधकांनी काढला. डॅन जुराफ्स्की या भाषाशास्त्रज्ञाने साडेसहा हजार मेनू संगणकावर तपासून असे दाखविले की वर्णनातील शब्दांची सरासरी लांबी एका अक्षराने वाढली की त्या पदार्थाचा दर सुमारे अठरा सेंटांनी वाढलेला आढळतो. परंतु सल्लागारांनी पसरविलेल्या सर्वच गोष्टी खऱ्या ठरल्या नाहीत. उघडलेल्या कार्डाच्या उजव्या बाजूस वर नजर प्रथम जाते, हे सूत्र कित्येक वर्षे शिकविले गेले. २०१२ साली सिबिल यांग यांनी डोळ्यांच्या हालचाली मोजल्या तेव्हा लोक मेनू पुस्तकासारखाच, डावीकडून उजवीकडे वाचतात असे आढळले. या प्रयोगांतले बहुतेक इंग्रजी कार्डावर आणि परदेशी गिऱ्हाइकांवर झालेले आहेत. पाचजणांच्या कुटुंबात एकच कार्ड आजोबांच्या हाती असते, मुले ओरडून नावे सांगतात आणि शेवटी आई ‘सगळ्यांत मिळून’ मागविते, तेथे हे निष्कर्ष कितपत लागू पडतात हे कोणी तपासलेले मला आढळले नाही. आणि तपासण्यासारखे ते खास आहे.

हा विषय आजच हाती घेण्याचे कारण असे की मेनूचा देह आपल्या डोळ्यांदेखत बदलतो आहे. २०२०च्या साथीत स्पर्शाच्या भीतीने छापील कार्डे उचलली गेली आणि मेजावर चौकोनी ठिपक्यांचा संकेत आला. घरपोच अन्न देणाऱ्या ॲपांवर तर प्रत्येकापुढे नावांचा क्रम निराळा असू शकतो आणि दर सकाळ-संध्याकाळ बदलू शकतो. कबुलायतीचा कागद सर्वांना एकच असला पाहिजे, ही पॅरिसपासून चालत आलेली अट येथे मोडते, आणि मोडल्याचे कळतही नाही. दुसरीकडून कायदा मेनूत शिरला आहे. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून ॲलर्जी उत्पन्न करणाऱ्या चौदा घटकांची माहिती गिऱ्हाइकाला देणे बंधनकारक आहे; भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या विनियमांनी दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थापुढे उष्मांक देण्यास सांगितले आहे. वडापावापुढे कॅलरीचा आकडा ही आपल्या खाण्याच्या इतिहासातली अभूतपूर्व गोष्ट आहे, आणि तिचे परिणाम नोंदवून ठेवले पाहिजेत.

जुन्या मेनूंचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी एकच उदाहरण पुरे. हवाई बेटांवरील संशोधकांनी २०१३ साली, १९२८ ते १९७४ या काळातील ३७६ मेनूकार्डे जमवून त्यांवरून समुद्रातल्या मासळीचा इतिहास बांधला. सरकारी नोंदी जेथे तुटल्या होत्या तेथे हॉटेलांच्या कार्डांनी साक्ष दिली, आणि किनाऱ्यालगतची मासळी कार्डांवरून कशी नाहीशी झाली व खोल समुद्रातील मोठ्या माशांनी तिची जागा कशी घेतली हे स्पष्ट झाले. अशी कार्डे उरली, कारण कोणीतरी ती ठेवली. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात फ्रँक बुटॉल्फ या नावाने वावरणाऱ्या एका बाईंनी एकोणिसावे शतक संपता संपता मेनू जमविण्यास आरंभ केला आणि १९२४ साली त्यांचे निधन होईपर्यंत सुमारे पंचवीस हजार कार्डांचा संग्रह केला. तेलाचा डाग पडलेले कार्डही त्यांना खपत नसे. आपण २०२३ साली पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला. पण पन्नास वर्षांपूर्वी दादर, मालवण किंवा पणजीच्या खानावळीत पापलेट काय भावाने, किती मोठा आणि आठवड्यातून किती दिवस मिळत असे, हे सांगणारा दस्तऐवज शोधू गेल्यास हाती फारच थोडे लागते. १९४२ पासून माटुंग्यात जेवण वाढणारी रामा नायकांची खानावळ किंवा पुणे-मुंबईतील तशाच दीर्घायुषी जागा अजून चालू आहेत. त्यांचे जुने फळे, पावतीपुस्तके, दरवाढीच्या सूचना, भिंतीवरच्या रंगविलेल्या याद्या नाहीशा होण्यापूर्वी त्यांच्या प्रतिमा घेतल्या गेल्या तर पुढच्या अभ्यासकांवर थोर उपकार होतील. यासाठी मोठी संस्था लागत नाही, गावोगावच्या ग्रंथालयांना आणि महाविद्यालयांना हे काम सहज पेलण्यासारखे आहे.

या ग्रंथाची मांडणी कालक्रमाने केलेली नाही. निवड, दर, क्रम आणि भाषा या चार सूत्रांभोवती ती गुंफली आहे, आणि प्रत्येक ठिकाणी पॅरिस, कायफेंग किंवा न्यूयॉर्क यांच्या शेजारी मुंबई, पुणे, कोल्हापूर, मडगाव यांना बसविले आहे, कारण तुलनेतूनच आपल्या पद्धतींतील अध्याहृत गोष्टी उघड होतात. धंदा करणाऱ्याला या पुस्तकातून नफा वाढविण्याच्या युक्त्या मिळतील अशी हमी मी देत नाही. पण आपल्या कार्डावरच्या प्रत्येक नावाची जबाबदारी आपण कोणावर टाकीत आहोत, मुदपाकखान्यावर, वाढप्यावर की गिऱ्हाइकावर, एवढे त्याला नेमके दिसावे असा प्रयत्न आहे. भाषेच्या भागात मराठी नावांवर जास्त भर पडला आहे. मराठी मुलखातील उपाहारगृहांत कार्डावरून देवनागरी झपाट्याने हद्दपार होत असताना, थालीपीठ आणि आळूवडी रोमन अक्षरांत वाचावी लागणे ही गोष्ट मला कष्ट देते, आणि ते त्या भागात मी लपविलेले नाही. रुग्णालये, वसतिगृहे, सैन्य आणि आगगाड्या यांच्या आवर्ती याद्या येथे थोडक्यात आल्या आहेत. लग्नकार्यांतील केटररांच्या याद्या मात्र मुळीच घेतलेल्या नाहीत, कारण तेथे निवडणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि खाणारे हजार, असा तिहेरी मामला असल्याने त्याची चिकित्सा या ग्रंथाच्या कसोटीत बसत नाही. तिच्यासाठी स्वतंत्र पुस्तक लागेल.